नोंदवहीत रस्त्याला जागा नव्हती

माझी बहुतेक नोकरी कोकणात, महामार्गाला लागून असलेल्या एका ग्रामीण रुग्णालयात गेली. खाटा तीस, आणि मंजूर पदांपैकी कितीतरी कायम रिकामी. दिवसा ताप, सर्पदंश, बाळंतपणं, लसीकरण. रात्र झाली की हायवे. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावाकडे निघाले की आमच्या रजा बंद व्हायच्या. त्या आठवड्यात कॅज्युअल्टीत काय येणार, हे सिस्टरपासून सफाईच्या मामांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असायचं.

डॉक्टरकी मला कॉलेजनं शिकवली. सरकारी काम कुठे अडतं आणि कशानं हलतं, हे या रुग्णालयानं शिकवलं. माणूस दगावला की दोषी शोधायची आपल्याला फार घाई असते. पण तो दगावू नये म्हणून कोणी काय करायचं होतं, हे आधी ठरवून, लिहून ठेवायची सवय आपल्याला नाही. इतक्या वर्षांत मी जे पाहिलं, त्याचं सार हेच आहे.

शवविच्छेदनाच्या अहवालात शेवटी मृत्यूचं कारण लिहावं लागतं. डोक्याला गंभीर दुखापत. अंतर्गत रक्तस्रावामुळे शॉक. वैद्यकीयदृष्ट्या ते खरंच असतं. पण जो मुलगा रात्री अर्धवट खोदलेल्या रस्त्यावर, दिवा नसलेल्या बॅरिकेडवर आदळला, त्याच्या अहवालात ते बॅरिकेड कुठेच येत नाही. पोलिसांच्या फिर्यादीत ठरलेलं वाक्य येतं: ‘चालकाने हयगयीने व अविचाराने वाहन चालवून’. पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मी साक्षीला जायची. वकील दुखापतीबद्दल, अपंगत्वाच्या टक्केवारीबद्दल, दारूच्या वासाबद्दल, हेल्मेटबद्दल उलटतपासणी घ्यायचे. चालक, मालक, विमा कंपनी असे तिन्ही पक्ष तिथे हजर असत. रस्ता ज्यांच्या ताब्यात होता, ते मी पाहिलेल्या एकाही प्रकरणात समोर नव्हते. हयगय रस्त्याचीही असू शकते, ही शक्यता त्या सगळ्या कागदांमध्ये मला कुठे दिसली नाही.

आमच्यापासून थोड्या अंतरावर एक वळण होतं. उतारावरून येणाऱ्या गाडीला ते अचानक दिसायचं आणि बाहेरच्या बाजूला कठडा नव्हता. तिथले जखमी वरचेवर यायचे. आमच्या एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणांच्या, रजिस्टरमध्ये अपघाताचं ठिकाण या रकान्यात ‘हायवेवर’ एवढंच लिहिलं जायचं. एका पावसाळ्यात मी रात्रपाळीच्या सगळ्यांना सांगितलं की, यापुढे किलोमीटरचा दगड विचारायचा, जवळचा ढाबा किंवा मोरी विचारायची, वेळ आणि पाऊस होता की नाही तेही लिहायचं. सुरुवातीला कुरकुर झाली. जखमी आणणाऱ्याला कुठे दगडाचा आकडा माहीत असतो? पण १०८ च्या रुग्णवाहिकेचे पायलट तो बरोबर सांगायचे. जानेवारी २०१४ मध्ये ही सेवा महाराष्ट्रात सुरू झाली, तेव्हा डॉक्टरसह धावणाऱ्या ९३७ गाड्या राज्यभर आल्या. आमच्यासारख्या ठिकाणी तिचे दोन मोठे उपयोग झाले. लवकर पोचलेला जखमी वाचला, हा पहिला. आणि अपघात नेमका कुठे झाला हे नीट सांगणारं माणूस मिळालं, हा दुसरा.

मग मी त्या वळणाबद्दल पत्र लिहिलं. एका कार्यालयानं कळवलं की हा भाग आता चौपदरीकरणाच्या कामात गेलाय, आमच्याकडे नाही. दुसऱ्यानं कळवलं की काम कंत्राटदाराकडे आहे, त्यांना कळवावं. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, त्या पट्ट्याचं भूसंपादनच झालेलं नाही, आम्ही हात कसा लावणार?’ ग्रामपंचायतीनं सांगितलं, हायवे आमचा नाहीच. प्रत्येकाचं उत्तर त्याच्या जागी बरोबर होतं आणि वळण होतं तसंच होतं.

वाट दाखवली ती एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी. ते रक्तदाब तपासायला यायचे. म्हणाले, ‘बाई, तुम्ही विनंती करताय. कागद मागा.’ माहितीच्या अधिकाराचा अर्ज त्यांनी स्वतःच केला. ‘दुरुस्ती का होत नाही’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. या कायद्याखाली मागायची असते ती अभिलेखातली माहिती. म्हणून त्यांनी मागितलं ते असं: या किलोमीटरपासून त्या किलोमीटरपर्यंतच्या देखभालीची जबाबदारी कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याकडे आहे, त्या आदेशाची प्रत. गेल्या तीन वर्षांतल्या पाहणीच्या नोंदींची प्रत. कंत्राटातल्या दोषदायित्व कालावधीच्या कलमाची प्रत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. उत्तर आलं. त्या उत्तरात पहिल्यांदा एक पदनाम होतं. तोवर आम्ही ज्याला ‘सरकार’ म्हणत होतो, ते एका टेबलावर बसलेलं सापडलं.

त्याच सुमारास मला ब्लॅक स्पॉटची व्याख्या कळली. राष्ट्रीय महामार्गावरच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर तो ब्लॅक स्पॉट धरला जातो. ही मोजणी होते पोलिसांच्या नोंदीवरून. आणि आमच्याकडे येणारे कितीतरी जखमी पोलिसांत जातच नसत. दुचाकी घसरली, पाय मोडला, समोर दुसरं वाहन नाही. मग तक्रार कुणाविरुद्ध करायची? असं म्हणून लोक घरी जायचे. त्यामुळे पोलिसांच्या यादीत ते वळण बसत नव्हतं आणि आमच्या रजिस्टरमध्ये ते सारखं येत होतं. मी दगडाच्या आकड्यांसकट तक्ता केला आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना दिला. त्यांनी तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीत मांडला. समितीत आरटीओ, पोलीस आणि रस्त्याचे अभियंते एकाच टेबलाशी असतात. तिथे ‘आमच्याकडे नाही’ म्हणणं अवघड जातं, कारण ज्याच्याकडे आहे तो शेजारीच बसलेला असतो.

पुढच्या पावसाळ्याआधी त्या वळणावर क्रॅश बॅरिअर आला, रम्बलर आले, बाणांचे परावर्तक फलक लागले. खर्च फार मोठा नव्हता. त्या वळणावरून जखमी येणं अगदी थांबलं असं मी म्हणणार नाही, पण आमच्या रजिस्टरमध्ये तो दगड क्वचित दिसू लागला. माझ्या नोकरीत शस्त्रक्रियेनं वाचवलेल्या माणसांइतकीच ही माणसं मला महत्त्वाची वाटतात. ती कोण आहेत हे मला कधीच कळणार नाही, कारण ती आमच्याकडे आलीच नाहीत.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं नदीत गेली, चाळीसच्या आसपास माणसं गेली. आठवडाभर आमच्या ओपीडीत तोच विषय होता. ज्यांची मुलं रोज रात्रीच्या गाड्यांनी येत-जात, ते विचारत होते, आपल्या खाडीवरच्या पुलाचं काय? तेव्हा त्या गुरुजींनी पुन्हा अर्ज केला आणि आमच्या पुलाच्या पाहणीची नोंद मागितली. जी प्रत आली, ती त्यांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली. तिथून पुढे पुलाच्या पाहणीला माणसं आली की गावातले चार जण त्यांच्यासोबत उभे राहू लागले. सावित्रीवर नवा पूल वर्षभराच्या आत उभा राहिला. म्हणजे मनात आणलं तर यंत्रणा वेगानं काम करू शकते. ते मनात येण्यासाठी आधी माणसं वाहून जावी लागावीत, याचा मला तेव्हाही संताप होता आणि आजही आहे.

जखमींना आणणाऱ्या माणसांचा विषय वेगळा सांगायला हवा. एका रात्री एका टेम्पोवाल्यानं दोन अनोळखी जखमींना स्वतःच्या गाडीत घालून आणलं. त्याला चौकीत पहाटेपर्यंत बसवून ठेवलं. त्याच्या गाडीतला माल खराब झाला. तो मला म्हणाला, ‘मॅडम, पुढच्या वेळी मी थांबणार नाही.’ मला ते फार लागलं, कारण त्यात त्याची काहीच चूक नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच सांगितलं होतं की, जखमीवर आधी उपचार करायचे, पोलिसी सोपस्कार नंतर. आणि हे सरकारी, खासगी सगळ्याच डॉक्टरांना बंधनकारक आहे. मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं त्याच न्यायालयानं मार्च २०१६ मध्ये बंधनकारक केली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४ अ आलं. मदत करणाऱ्या माणसाला अडकवून ठेवता येत नाही, नाव सांगायची सक्ती करता येत नाही. कायदा दिल्लीत झाला होता, चौकीत पोचला नव्हता. आम्ही तो मराठीत टाइप करून कॅज्युअल्टीच्या दारावर लावला आणि एक प्रत चौकीत नेऊन दिली. तिथले हवालदार वाचून म्हणाले, ‘हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.’ ते खोटं बोलत नव्हते. त्यानंतर त्यांच्या पाळीत जखमी आणणाऱ्याला चहा मिळायचा आणि तो मोकळा व्हायचा.

आता माझ्या स्वतःच्या खात्याबद्दल. एका तरुणाला पोटात मार लागून आणलं. शस्त्रक्रिया हवी होती. आमच्याकडे भूलतज्ज्ञाचं पद कितीतरी महिने रिकामं होतं आणि रक्त साठवायची सोय बंद पडली होती. सलाईन, ऑक्सिजन लावून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तो वाटेत गेला. तासाभरात रुग्णालयासमोर जमाव उभा होता आणि आत ड्युटीवर एक तरुण सिस्टर होती. लोकांचा राग तिच्यावर निघणार होता, कारण समोर तीच होती. मी बाहेर जाऊन सगळं सांगितलं. कोणतं पद कधीपासून रिकामं आहे, आम्ही किती वेळा कळवलं, रक्ताचा फ्रीज का बंद आहे. सरकारी नोकरानं असं बोलायचं नसतं, असं मला नंतर ऐकवण्यात आलं, कारणे दाखवा नोटीसही आली. पण जमाव शांत झाला. मुलाच्या मामांनी विचारलं, ‘मग आम्ही काय करायचं?’ मी म्हटलं, हेच लिहून द्या, तारीख घाला, पोच घ्या.

त्यांनी ते केलं. ग्रामसभेनं ठराव केला, रिक्त पदांची माहिती मागवली, आमदारांनी विधानसभेत प्रश्न लावला. काही महिन्यांनी भूलतज्ज्ञ ठरावीक दिवशी आणि ऑन-कॉल येऊ लागले. फ्रीज सुरू झाला. ज्या घरानं मुलगा गमावला, त्या घरामुळे पुढच्या किती बाळंतिणी सुखरूप झाल्या, हे मी स्वतः पाहिलंय.

सरकारी दवाखान्यातल्या माणसाला दाद मागायच्या वाटा कमी आहेत, हेही इथे सांगितलं पाहिजे. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, तिथला रुग्ण ग्राहक न्यायालयात जाऊ शकत नाही, हे १९९५ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ठरलेलं आहे. म्हणजे पैसे भरणाऱ्याला जी सोपी वाट आहे, ती गरिबाला नाही. म्हणूनच तर रिक्त पदं, बंद यंत्रं आणि पाहणीच्या नोंदी यांचा हिशेब गावानं ठेवायला हवा.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकला ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून बावीसहून अधिक रुग्ण गेले. विरारला अतिदक्षता विभाग पेटला. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अकरा रुग्ण गेले आणि एका डॉक्टरसह परिचारिकांना अटक झाली. भंडाऱ्यानंतर आमच्याकडेही फायर ऑडिट झालं. अहवालात वायरिंग जुनी असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. आग विझवायची नळकांडी लगेच भरून मिळाली, कारण ती फोटोत दिसतात. वायरिंगची फाईल मात्र फिरत राहिली. इमारत बांधकाम खात्याची, वीजकाम त्यांच्या विद्युत विभागाचं, निधी जिल्हा नियोजनचा, वापर आमचा. उद्या आग लागली असती तर अटक कुणाला झाली असती, हे आमच्या सिस्टरना नीट कळत होतं.

मी दर पंधरवड्याला एक पत्र पाठवत राहिले आणि प्रत्येकाची पोच जपून ठेवली. महाराष्ट्रात शासकीय कामातल्या विलंबाला आळा घालणारा २००५ चा कायदा आहे. साधारणपणे फाईल एका टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं तो सांगतो. पत्रात मी त्याचा उल्लेख करायला लागले आणि उत्तरांची भाषा बदलली. पूर्ण इमारतीचं काम माझ्या निवृत्तीपर्यंत झालं नाही. पण बाळंतपणाच्या खोलीची आणि बाळांच्या वॉर्मरची लाइन वेगळी, नवी टाकून मिळाली. ते मी माझं सर्वात मोठं यश समजते.

मी वैद्यकीय शिक्षण घेत होते त्याच काळात, १९८६ साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे चौदा रुग्ण गेले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्या बाटलीचा माग वॉर्डपासून खरेदीपर्यंत, खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत आणि तिथून मंत्रालयापर्यंत काढला. आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. जबाबदारी वर चढत जाते, हे आमच्या पिढीच्या डॉक्टरांना त्या अहवालानं दाखवलं. आणि २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याची लहान मुलं खोकल्याच्या औषधानं दगावली, त्यातली कित्येक नागपूरच्या रुग्णालयांत उपचार घेत होती, तेव्हा औषधात सापडलं तेच डायएथिलीन ग्लायकॉल. एकदा वर चढलेली जबाबदारी तिथे टिकत नाही. प्रत्येक बॅच तपासली जाते का, हे दर वेळी कुणीतरी विचारावं लागतं.

बदल होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसं मेली होती. तिथे अपघाताच्या जागा शोधून, कठडे, दुभाजक आणि रुग्णवाहिका यांवर नेटानं काम झालं आणि काही वर्षांत तो आकडा शंभराच्या खाली आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८ अ नुसार रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीमुळे मृत्यू अथवा अपंगत्व आलं, तर रस्त्याची यंत्रणा, कंत्राटदार आणि सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं, आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करायलाही सांगितलं. कागदावर रस्त्याला आता जागा मिळाली आहे. पण २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रात. त्यापुढे ही कलमं किती कमी वापरली जातात, हे साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिलेली मी सांगू शकते.

म्हणून वाचकांना काही गोष्टी कळकळीनं सांगते. अपघात झाला तर जखमीला उचला, तुम्हाला कुणी अडकवू शकत नाही. जागेचा फोटो काढा, त्यात किलोमीटरचा दगड, खड्डा, नसलेला कठडा येऊ द्या. रुग्णालयात आणि पोलिसांत ते ठिकाण नेमकं लिहायला लावा. धडक देऊन वाहन पळून गेलं असेल तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्ज करा. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचार मिळायची योजना आहे. आपल्या तालुक्यातलं कोणतं रुग्णालय तिच्यात आहे, हे आजच विचारून ठेवा. तुमच्या दवाखान्यात कोणती पदं रिकामी आहेत आणि शेवटचं फायर ऑडिट कधी झालं, हे ग्रामसभेत विचारा. आणि जे विचाराल ते लिहून विचारा, तारीख घाला, पोच घ्या. रात्रपाळीच्या सिस्टरवर ओरडून आजवर एकही रिकामं पद भरलेलं मी पाहिलेलं नाही. पोच घेतलेल्या अर्जानं भरलेलं पाहिलं आहे.